प्रकरण तेरा: रेनोच्या रायफलीची बोली

आयली कांगसचा धंद्याचा एक नियम होता. नवरा गेलेल्या बाईकडे पहिल्या आठवड्यात जायचं नाही आणि चौथ्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात गेलं तर लोक गिधाड म्हणतात. चौथ्यात गेलं तर बाईचा भाचा ट्रक घेऊन येऊन गेलेला असतो आणि कपाटात नुसत्या खुंट्या उरतात. तिसरा आठवडा बरोबर. वेलदोडा घातलेला वेणीचा पाव घेऊन जायचं, दोन कप कॉफी प्यायची, गेलेल्याबद्दल चार शब्द बरे बोलायचे, आणि तिसऱ्या कपाला विचारायचं, "मग, त्याच्या बंदुकांचं काय ठरवलंयस?"

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाते म्हातारी," असं चर्चमध्ये बायका बोलत. आयलीच्या कानावर ते आलं होतं. ती म्हणाली होती, "खाते. पण भाव देऊन खाते. भाचे फुकट खातात."

एकोणऐंशी वर्षांची होती ती. नवरा रेनो जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्यामागे तिने गळ, गांडुळं आणि जुन्या बंदुका विकायचं दुकान एकटीने चालवलं, परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि सत्तरीला इंटरनेट शिकली. गावातल्या गिऱ्हाइकाला ती अडीचशेला द्यायची ती बंदूक इंटरनेटवर चारशेला जायची. तरी गावातलं गिऱ्हाईक तिने सोडलं नाही. ते काउंटरवर कोपर टेकून गप्पा मारायचं, आणि कोण आजारी आहे, कोण आता फार दिवसांचा नाही, ते तिथेच कळायचं.

इंटरनेटचं काम मोठी सून डार्ला करायची. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, जुन्या रजईवर बंदूक ठेवून फोटो काढायचे. प्रत्येक ओरखडा दिसेल असे काढायचे, कारण लपवलेला ओरखडा माल परत घेऊन येतो. विक्रीचे दहा टक्के तिचे.

सप्टेंबरात दोघी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका विधवेकडे जाऊन सात बंदुका नऊशे डॉलरला घेऊन आल्या. डार्ला एकेक रजईवर ठेवत होती. सातवी उचलली आणि तिचा हात थांबला. दस्त्याच्या लाकडावर भाजल्याचा डाग होता, नालेच्या आकाराचा. रेनोने एकदा सौन्यात, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीत, गप्पांच्या भरात ही रायफल तापलेल्या शेगडीला टेकवली होती. ती गोष्ट डार्लाने लग्न होऊन आल्यापासून निदान चाळीसदा ऐकली होती.

"आयली, ही रेनोची ना?"

"होती. आता दुकानातला माल आहे."

"म्हणजे लायलने चोरून इतक्या लांब नेऊन विकली होती?"

आयली चष्मा पुसत राहिली.

रेनो गेला त्याच हिवाळ्यात ही रायफल घरातून नाहीशी झाली होती. "गेली, पुन्हा विचारू नका," एवढंच आयली म्हणाली. मोठा मुलगा ड्वेन, डार्लाचा नवरा, त्याला बापाने ती तोंडी देऊ केली होती. धाकटा लायल त्याच सुमारास कुणाला न सांगता सरोवरातल्या खनिजाच्या बोटींवर कामाला निघून गेला होता. ड्वेनने दोन आणि दोन जोडले आणि त्याचे बावीस केले. लायल परत आला तेव्हा ड्वेनने त्याला भर चौकात चोर म्हटलं. लायलने नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून भावाभावांत एक शब्द नव्हता.

"ड्वेनला सांगू का?" डार्लाने विचारलं.

"सांगितलंस तर तुझे दहा टक्के गेले. नाही सांगितलंस तर पंधरा."

डार्ला वाईट बायको नव्हती. पण घराचं छप्पर दोन हिवाळे गळत होतं, आणि पंधरा टक्क्यांत निदान न्हाणीवरचे पत्रे आले असते. शिवाय तिला वाटलं, ड्वेनला कळणार कसं?

"लांब जाऊ दे ती," आयली म्हणाली. "टेक्सास, अलास्का, कुठेही. लांबचे लोक भावही चांगला देतात."

मोठ्या मालासाठी आयलीचं इंटरनेटवर दुसरं नाव होतं, घरात डार्लाशिवाय कुणाला माहीत नसलेलं. त्या नावावर चारशे बारा गिऱ्हाइकांचे शेरे होते, एकूण एक चांगले. ते शेरे ती नातवंडांच्या मार्कांसारखे लोकांना दाखवू शकत नव्हती याचं तिला वाईट वाटायचं. रजई ड्वेनने ओळखली असती म्हणून डार्लाने साधी चादर घातली. शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर, नोव्हेंबरात, दहा दिवसांची बोली ठेवली, संपणार रविवारी दुपारी तीनला. ती वेळ आयलीची खास. "रविवारी पोट भरलेलं असतं, फोन हातात असतो, बायको झोपलेली असते. असा माणूस किंमत वाचत नाही."

गुरुवारी संध्याकाळी बोली अकराशेवर गेली आणि लावणाऱ्याचं नाव डार्लाने वाचलं: 'वॉलायकिंग'. मासे पकडणाऱ्यांच्या गप्पांच्या पानावर ड्वेन हेच नाव लावून फुशारक्या मारायचा. वॉलाय माशांचा राजा म्हणे! डार्ला स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी राहिली. बाहेरच्या खोलीत नवरा सोफ्यावर पाय पसरून टीव्ही बघत होता आणि खुशीत शीळ घालत होता.

आता सांगावं तर आपण लपवलं हे उघड होणार. न सांगावं तर नवरा छपराचे पैसे तिच्या सासूच्या खिशात घालणार. डार्लाने कोणताही शहाणा माणूस करतो ते केलं. दुसरा कोणी बोली वाढवेल अशी आशा केली. दुसऱ्याने वाढवली. 'एनके-झिरोसेव्हन' नावाचा कोणी होता. पण ड्वेनने पुन्हा वाढवली. शुक्रवार, शनिवार दोघांची जुंपली, आणि बाकीचे बोलीवाले एकेक करून गप्प झाले.

रविवार उजाडला तेव्हा आकडा एकोणीसशे होता.

त्या रविवारी आयलीकडे सगळ्यांचं जेवण होतं. हरणांच्या शिकारीचा मोसम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो, त्याच्या आधीच्या रविवारी सगळ्या कांगसांनी तिच्या टेबलाशी बसायचंच असा दंडक होता. एकमेकांशी बोलायची सक्ती नव्हती. टेबलाच्या एका बाजूला लांब बाक, त्यावर एका टोकाला ड्वेन, दुसऱ्या टोकाला लायल, आणि मधे आयलीचा भाऊ आर्वोमामा. मामा चौऱ्याऐंशी वर्षांचा, दोन्ही कानांनी ठार बहिरा आणि अंगाने भरपूर रुंद, म्हणून दरवर्षी त्यालाच मधे बसवत. समोर डार्ला आणि लायलची बायको नॉरीन. मधे पास्ट्यांचं ताट. खिमा, बटाटा आणि सलगम भरलेल्या थोराड करंज्याच त्या, एकेक वीट म्हणून भिंतीत बसवता येईल अशी.

"मीठ," ड्वेन छताकडे बघत म्हणाला.

मीठ लायलपुढे होतं. लायलने ते नॉरीनला दिलं, नॉरीनने डार्लाला, डार्लाने ड्वेनला. अकरा वर्षांच्या सरावाने हे काम चार सेकंदांत व्हायचं.

"मामा, शिकारीच्या कॅम्पवर येणार का यंदा?" नॉरीनने ओरडून विचारलं.

"नको, एक पुरे," आर्वोमामा म्हणाला आणि दुसरी पास्टी घेतली.

डार्लाचं लक्ष नवऱ्याच्या डाव्या हाताकडे होतं. हात टेबलाखाली गेला. चेहरा मात्र भजन ऐकत असल्यासारखा. तिने मांडीवरच्या फोनकडे बघितलं. दोन हजार तीनशे.

त्याच क्षणी बाकात कुठेतरी काहीतरी गुरगुरलं.

"कोण पादलं?" आर्वोमामाने विचारलं.

"आर्वो!" आयली ओरडली.

"मला ऐकू येत नाही, पण बाक हललेला कळतो."

लायलने रुमालाने तोंड पुसलं, आणि त्याचा उजवा हात टेबलाखाली गेला. डार्लाच्या फोनवर आकडा बदलला. दोन हजार सातशे, एनके-झिरोसेव्हन. लगेच ड्वेनच्या बाजूला फोन थरथरला आणि बाक गुरगुरला.

"पुन्हा!" मामा म्हणाला. "आता त्या टोकाला!"

डार्लाने नॉरीनकडे बघितलं. नॉरीन कांगस. एन आणि के. लग्न झालं सात तारखेला, म्हणून झिरोसेव्हन. डार्लाला आधी हसू आलं. ती ओठ चावून खाली बघत राहिली. अकरा वर्षं मीठसुद्धा थेट न देणारे दोन भाऊ आर्वोमामाच्या ढेरीआडून एकमेकांशी झुंजत होते, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मग आकडा तीन हजार शंभर झाला, वॉलायकिंग, आणि तिचं हसू गेलं. छपराच्या खात्यात साडेतीन हजार होते.

"आयली, जरा आत येतेस? ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय."

"माझ्या ओव्हनमध्ये काही जळत नाही," असं म्हणत आयली उठली.

स्वयंपाकघराचं दार लावून डार्लाने एका दमात सांगून टाकलं. "तो वॉलायकिंग आहे ना, तो ड्वेन आहे."

आयली हसायला लागली. हसता हसता तिला सिंकचा काठ धरावा लागला. "माझा ड्वेन? लहानपणी लिंबू सरबत विकायला बसवला तर सगळं स्वतःच प्यायला, तो? अगं लावू दे त्याला! पोटच्या पोराकडून नफा, देवा, हे काय दाखवतोयस! नाताळला अर्धे परत देईन मी."

"छपराचे पैसे आहेत ते!"

"म्हणून तर अर्धे म्हणते. दुसरा कोण पण? त्याचा उपकार मानला पाहिजे. त्याच्याशिवाय एवढं चढलं नसतं."

"दुसरा लायल आहे."

आयलीचं हसू चटकन गेलं. दिवा गेल्यावर खोली वेगळी दिसावी तसा चेहरा वेगळा दिसला. आणि डार्लाला पहिल्यांदाच वाटलं की ही बाई खरंच एकोणऐंशीची आहे.

"नक्की?"

"नॉरीनच्या नावाने लावतोय. मी आत्ता बघितलं. आयली, काय झालं?"

आयली स्वयंपाकघरातून दुकानात जाणाऱ्या दाराकडे निघाली होती. गळांच्या बरण्यांमागे संगणक होता. दोन एकोणपन्नास झाले होते. तिने खुर्चीतही न बसता एका बोटाने बटणं दाबायला सुरुवात केली.

"काय करतेस? रद्द? आता? अकरा मिनिटं राहिलीत! दंड पडेल. तुझे शेरे... आयली, चारशे बारा शेरे!"

"शेरे गेले चुलीत," आयली म्हणाली आणि बटण दाबलं.

डार्लाच्या माहितीत त्या बाईने हातातला नफा सोडल्याची ही पहिलीच वेळ होती.

जेवणाच्या खोलीत एकाच वेळी दोन माणसं ओरडली.

"आईला!"

"हे काय!"

दोघी धावत गेल्या तेव्हा ड्वेन आणि लायल, दोघेही बाकावरून उठले होते. दोघांच्याही हातात फोन. मधे आर्वोमामा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. नॉरीन लायलच्या फोनकडे बघत म्हणाली, "माझ्या नावाने? लायल, माझ्या नावाने?"

"तू?" ड्वेन भावाला म्हणाला. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

"तू?" लायल म्हणाला.

"तू तो एनके?"

"आणि तू वॉलायकिंग? दोन किलोचा मासा पकडला नाहीस कधी जन्मात!"

"सव्वादोन! फोटो आहे!"

"मामाचा मासा होता तो. मीच फोटो काढला होता."

"विषय बदलू नको!" ड्वेनचे कान लाल झाले होते. "आधी चोरायची, विकून दारू प्यायची, आणि मग परत विकत घ्यायची? लाज वाटते का?"

लायल खाली बसला. सहा फुटांचा, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातभर डाग पडलेला माणूस तो. पण त्या वेळी डार्लाला तो चुकून मोठ्यांच्या टेबलावर बसलेल्या पोरासारखा वाटला.

आयली दुकानात गेली आणि रायफल घेऊन आली. रिकामी आहे हे तिने सवयीने सगळ्यांना उघडून दाखवलं, आणि पास्ट्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ड्वेनने डाग बघितला. मग आईकडे बघितलं. मग डार्लाकडे. डार्ला मीठदाणीकडे बघत होती.

"मी विकत होते," आयली म्हणाली. "आणि अकरा वर्षांपूर्वीही मीच विकली होती. विस्कॉन्सिनच्या माणसाला, दोनशे डॉलरला. भाव चुकला. पण घाई होती."

"कसली घाई?"

आयलीने लायलकडे बघितलं. "तू मला शपथ घातली होतीस. मी पाळली. आता तू सांगतोस की मी सांगू?"

नॉरीनने टेबलावरून हात पुढे करून लायलच्या मनगटावर ठेवला. तिला माहीत आहे, हे डार्लाच्या लक्षात आलं. घरातल्या सहा जणांत तीन जणांना ते ठाऊक होतं.

"मी बोटीवर गेलो नव्हतो," लायल म्हणाला. "मार्क्वेटला होतो. इस्पितळात. मनाच्या. तीन आठवडे."

ड्वेनने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"पपा गेल्यावर मला काही... एका पहाटे मी ही घेऊन सौन्यात जाऊन बसलो. आईला झोप लागत नव्हती, ती उठून आली. दार उघडून माझ्या शेजारी बसली. हात लावला नाही, ओरडली नाही. गांडुळांचा भाव सांगत बसली. त्या वर्षी गांडुळं महाग झाली होती. उजाडेपर्यंत गांडुळं. मग म्हणाली, कॉफी करते, ती इकडे दे."

"दिलीस," आयली म्हणाली.

"दिली. न्यायाधीशाच्या हुकुमाने ठेवलं होतं मला, म्हणून सरकारी कागदावर नाव आहे. मला बंदूक घेता येत नाही. धरताही येत नाही. गुडघा दुखतो म्हणून शिकारीला येत नाही, असं सांगतो सगळ्यांना."

ड्वेन टेबलावर वाकला. "मग चोर का म्हणू दिलंस मला? चौकात? लोकांसमोर?"

"चोर म्हटलं तर लोक पाकीट सांभाळतात, ड्वेन. वेडा म्हटलं तर पोरं सांभाळतात." लायल जरासा हसला. "चोर परवडला."

"काय म्हणतोय?" आर्वोमामाने विचारलं.

"तो चोर नाही म्हणतोय!" नॉरीन ओरडली.

"कोण म्हणतं होता म्हणून?" मामा म्हणाला.

ड्वेन बाकावर बसला. बाक जोरात कुरकुरला. या वेळी मामाने काही विचारलं नाही. डार्लाला उठून नवऱ्याशेजारी जावंसं वाटलं, पण आपण कुठल्या तोंडाने जाणार, असंही वाटलं. ती तिथेच उभी राहिली.

"मग बोली कशाला?" ड्वेनने शेवटी विचारलं. "घेता येत नाही तर?"

"दर नोव्हेंबरात शोधतो मी ती. कुठे आहे ते माहीत असावं म्हणून. शुक्रवारी दिसली. आमच्या कामाशेजारचा दुकानदार आहे, त्याला विचारलं. माल त्याच्याकडे येईल, तो माझ्या हातात देणार नाही, त्याच्याच अंगणात त्याच्याकडून कापून घ्यायची. पैसे भरायचे, कापलेली बघायची, घरी यायचं."

"तीन हजार डॉलर देऊन कापायची?"

"चार ठेवले होते."

आयलीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, दुखऱ्या दाताला गार पाणी लागल्यासारखा.

ड्वेनने रायफल हातात घेतली. डागावरून अंगठा फिरवला. बापाने त्याला पहिल्यांदा नेम धरायला शिकवलं ते हिच्यावरच. डार्लाला हे माहीत होतं, कारण दर नोव्हेंबरात कधीतरी, पोटात दोन बिअर गेल्यावर, तो ते सांगायचा, आणि शेवट लायलला शिवी देऊन करायचा. आता त्याने बराच वेळ ती धरली. मग टेबलावर परत ठेवली, नळी भिंतीकडे करून.

"कटर ट्रकमध्ये आहे?" त्याने लायलला विचारलं.

"असतोच."

"आई, मालकीण तू आहेस. बोल."

आयली रायफलीकडे बघत होती. तिच्या डोक्यात काय चाललंय ते डार्लाला आकड्यांसकट दिसत होतं: नऊशेच्या ढिगातली सातवी, तीन हजार एकशे. म्हातारीने नाक शिंकरलं.

"कापा," ती म्हणाली. दोघे भाऊ उठले. "थांबा! अशी नाही. अक्कल आहे का? स्क्रू-ड्रायव्हर आण, डार्ला."

दहा मिनिटं आयली त्या रायफलीवर खाटकासारखी बसली. दुर्बीण काढली. नेमाची माशी काढली. चामड्याचा पट्टा काढला. दस्ता काढला, पुढचं लाकूड काढलं, नळी सोडवायला दुकानातून मोठा पाना मागवला आणि ती ड्वेनकडून फिरवून घेतली. शेवटी ज्यावर नंबर कोरलेला असतो तो मधला पोलादी सांगाडा उरला, वीतभर.

"कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे एवढाच तुकडा," ती म्हणाली. "बाकी सगळं सामान. सामानाला परवाना लागत नाही. हे कापायचं ते कापा."

अंगणात पायाच्या घोट्याएवढा बर्फ होता. लायलने ट्रकमधून गॅसच्या नळ्या ओढल्या, काळा चष्मा चढवला, आणि मग तसाच उभा राहिला.

"मला धरता येत नाही, आई."

"धरायला कोण सांगतंय? तू जाळ धर." आयलीने ओव्हनचे हातमोजे घातले होते आणि शेगडीचा लांब चिमटा आणला होता. सांगाडा चिमट्यात धरून तिने हात लांब केला. "ही माझ्या हातात आहे. परवाना माझा, माल माझा. सरकारला काय विचारायचं ते मला विचारू दे. लाव."

"आई, दे, मी धरतो," ड्वेन म्हणाला.

"तू तुझा मासा धर. लाव रे!"

निळी ज्योत लागली. पोलाद आधी लाल झालं, मग पिवळं. ठिणग्या बर्फावर पडून चुर्रचुर्र विझत होत्या. लायलचा हात कामावर असतो तसा स्थिर होता. नॉरीन रडत होती, आणि आर्वोमामा पायरीवर बसून तिसरी पास्टी खात होता. तुकडा पडला, मग दुसरा. नंबरावरून ज्योत गेली तेव्हा आयलीने मान वळवली, पण चिमटा हलू दिला नाही.

चार तुकडे झाल्यावर लायलने गॅस बंद केला. चष्मा काढला नाही. ड्वेन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघांपैकी कुणालाही मिठी मारता येत नव्हती. कांगस पुरुषांना ती येतच नाही. ड्वेनने त्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, जरा जोरातच.

"कॅम्पवर ये तू शनिवारी."

"मी सांगितलं ना, बंदुकांच्या..."

"आमच्या कपाटात कुलपात राहतील. तू स्वयंपाक कर. मागच्या वर्षी मामाने बीन्स केले होते. तीन दिवस कुणी कॅम्पच्या आत झोपलं नाही."

"बघतो," लायल म्हणाला. त्याने खांदा चोळला. "सव्वादोन किलो म्हणे."

ड्वेन दस्त्याचं लाकूड काखेत मारून डार्लाजवळ आला. तिने मान वर केली नाही.

"तुला कधी कळलं मी बोली लावतोय ते?"

"गुरुवारी."

"आणि गप्प बसलीस?"

"छपराच्या पैशातून लावलीस, ते तू सांगितलंस का मला?"

त्याने बुटाने बर्फ उकरला. "किती टक्के होते तुझे?"

"पंधरा."

"दहा असतात ना?"

"गप्प बसण्याचे पाच."

ड्वेनला हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्याचा आवाज फुटला. "अकरा वर्षं, डार्ला," एवढंच तो म्हणाला. तिने त्याच्या काखेतलं लाकूड काढून घेतलं आणि त्याचा हात धरला.

"त्या लाकडाचे नव्वद डॉलर," आयली पायरीवरून ओरडली.

"आई!"

"बरं, ऐंशी. घरचा म्हणून."

तुकडे थंड झाल्यावर तिने ते डब्यात भरले आणि दुकानातल्या नोंदवहीत त्या नंबरापुढे 'नष्ट केली' असं लिहून सही केली. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं. डार्ला संगणकापाशी बसली होती. दंडाची पावती आली होती, आणि तिच्याखाली एक निरोप, वायोमिंगच्या कुणा माणसाचा. तिने मोठ्याने वाचला. शेवटच्या मिनिटाला एकदम पाच हजारांची बोली टाकायची म्हणून तो सकाळपासून दबा धरून बसला होता, आणि असं कोण करतं, तुम्हाला धंदा करता येत नाही का, वगैरे. खाली एकच तारा दिला होता. चारशे तेरावा शेरा.

"पाच?" आयली म्हणाली.

"पाच."

म्हातारी गांडुळांच्या फ्रिजला पाठ टेकून उभी राहिली. बाहेर अंगणात दोन्ही मुलगे गॅसची टाकी ट्रकवर चढवत होते आणि कुठल्या बाजूने उचलायची यावरून भांडत होते. ती ते बराच वेळ ऐकत होती.

"काय लिहू त्याला?" डार्लाने विचारलं.

"लिही, माल घरातच गेला."

डार्लाने लिहिलं. पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

"थांब," आयली म्हणाली. "दुर्बीण हवी का विचार."